शाळेतला नाश्ता आणि उन्हाळ्याची सुट्टी

मंडळी, मागचे दोन-तीन लेख यंत्रांवरच झाले. जहाजांचे कंटेनर, रेल्वेची वेळापत्रकं, टाईम झोन वगैरे. ह्या वीकांती विषय खाण्याचा आहे, पण रेसिपी मागू नका. अमेरिकेतल्या शाळांमध्ये सरकारी पैशातून जो नाश्ता मिळतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत जे जेवण मिळतं, त्याचा हा इतिहास आहे.

आधी तीन आकडे. करोनाच्या आधीचे, म्हणजे २०१९ च्या आसपासचे. शाळेत दुपारचं सरकारी जेवण घेणारी मुलं रोज साधारण २ कोटी ९० लाख. सरकारी नाश्ता घेणारी साधारण १ कोटी ४७ लाख, म्हणजे निम्मीच. आणि शाळेच्या दिवसांत जी मुलं फुकट किंवा सवलतीत जेवतात, त्यांच्यातल्या दर सात जणांपैकी जेमतेम एक जण जुलै महिन्यात सरकारी जेवणापर्यंत पोचायचा.

मुलं तीच. पोटं तीच. दूधही तेच. पैसेही एकाच कृषी खात्यातून येतात. मग दुपारी खाणारं मूल सकाळी कुठे जातं? आणि जूनमध्ये तर कुठे गायबच होतं?

मी जे काही वाचलं त्यावरून माझं उत्तर आत्ताच सांगून टाकतो, रहस्यकथा लिहायची नाहीये. अन्नाचा खर्च ही ह्या योजनांची सगळ्यात मोठी अडचण कधीच नव्हती. अडचण अशी होती की मूल गरजू आहे हे सिद्ध कोणी करायचं, आणि ताटापर्यंत पोचायची जबाबदारी कोणाची. ही दोन ओझी जेव्हा जेव्हा मुलाच्या डोक्यावरून थोडी उतरली, तेव्हा तेव्हा आकडे वाढले. बाकी भाषणं पुष्कळ झाली.

आता सुरुवातीपासून.

अमेरिकन सरकार शाळेच्या जेवणात उतरलं ते मुलांसाठी कमी आणि शेतकऱ्यांसाठी जास्त. १९३० च्या दशकातली महामंदी. शेतमालाचे भाव कोसळलेले, आणि एकीकडे शहरांत खायला नाही. १९३५ मध्ये एका कायद्यात ‘सेक्शन ३२’ नावाचं कलम आलं. जकातीच्या उत्पन्नाचा तीस टक्के हिस्सा कृषी खात्याला द्यायचा आणि त्यातून जास्तीचा शेतमाल उचलायचा. हा उचललेला माल टाकायचा कुठे? शाळांत. स्वयंपाकाला सरकारी रोजगार योजनेवरच्या बायका. १९४२ पर्यंत अशी साठ लाखांच्या आसपास मुलं जेवत होती. मग युद्ध पेटलं, जास्तीचा माल सैन्याकडे जायला लागला, रोजगार योजना बंद झाली, आणि ताटंही झपाट्याने कमी झाली. म्हणजे मुलाच्या ताटात काय पडणार हे बाजारात काय सडतंय त्यावर ठरत होतं.

(जाता जाता: हीच ‘जास्तीचा माल’ भानगड पुढे आपल्याकडेही आली. पीएल ४८० कायद्याखाली आणि ‘केअर’ संस्थेमार्फत अमेरिकन दुधाची पावडर आणि धान्य भारतातल्या शाळांत पोचलं. तुमच्या घरातल्या मोठ्यांना शाळेतल्या त्या पावडरच्या दुधाबद्दल विचारून बघा. प्रेमाने बोलणारे कमीच निघतील.)

४ जून १९४६ ला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नॅशनल स्कूल लंच ॲक्टवर सही केली. कायद्यामागचा मुख्य माणूस म्हणजे जॉर्जिया राज्याचे सिनेटर रिचर्ड रसेल. लष्करभरतीचे प्रमुख जनरल हर्शी यांनी काँग्रेसपुढे सांगितलं होतं की युद्धात भरतीला आलेल्या पोरांना नाकारण्यामागे कुपोषणाचाही हात आहे. त्यामुळे कायद्याच्या उद्देशातच राष्ट्रीय सुरक्षा आणि शेतमालाचा खप हे दोन्ही शेजारी शेजारी बसले. हार्लेमचे खासदार ॲडम क्लेटन पॉवेल यांनी वंशावरून भेदभाव करू नये अशी दुरुस्तीही त्यात घालून घेतली. कागदावर सगळं छान.

घोळ पैशाच्या वाटेत होता. केंद्राच्या प्रत्येक डॉलरमागे राज्याने आधी एक आणि पुढे तीन डॉलर घालायचे असं ठरलं. पण राज्याचा हिस्सा म्हणून मुलांनी जेवणासाठी भरलेले पैसेही मोजायची परवानगी होती! म्हणजे राज्याने खिशात हात न घालता हिशेब पुरा. ह्याचा परिणाम काय होईल तो सांगायला फायनान्सवाला लागत नाही. ज्या शाळेत पैसे भरणारी मुलं जास्त, तिथे योजना जोरात चालणार. ज्या शाळेत कोणीच भरू शकत नाही, तिथे हिस्सा जमणार कसा? शिवाय शहरांतल्या जुन्या, गरीब वस्तीतल्या शाळांना स्वयंपाकघरच नव्हतं. गरजूंना फुकट द्या असं कायदा म्हणत होता, पण त्यासाठी वेगळा पैसा देत नव्हता. वीस वर्षं हे असंच चाललं.

नाश्ता आला तो १९६६ मध्ये. ११ ऑक्टोबर १९६६ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी चाईल्ड न्यूट्रिशन ॲक्टवर सही केली, आणि त्यात शाळेतल्या नाश्त्याचा दोन वर्षांचा पायलट होता. पहिल्या वर्षी ७५ लाख डॉलर, दुसऱ्या वर्षी एक कोटी. नाश्त्याची बाजू लावून धरणारे खासदार कार्ल पर्किन्स. ते पूर्व केंटकीचे, म्हणजे ॲपलेशियन डोंगरांतले, कोळसा खाणींच्या भागातले. त्यामुळे कायद्यात प्राधान्य कोणाला, तर गरीब वस्तीतल्या शाळांना आणि जिथे मुलं लांबून येतात त्या शाळांना. हे दुसरं कलम मला फार आवडतं. कोणीतरी विचार केला होता की अंधारात बस पकडणारं पोर घरून खाऊन निघालं तरी शाळेत पोचेपर्यंत परत भुकेलं असणार. इथे गरिबीचा दाखला कोणी मागितला नाही. अंतर बघितलं.

पायलट प्रोजेक्ट कसे चालतात हे आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको. पहिल्या वर्षी सगळ्या देशात मिळून ८० हजार मुलं.

१९६७-६८ ही वर्षं अमेरिकेत भूक ‘सापडण्याची’ वर्षं. एप्रिल १९६७ मध्ये रॉबर्ट केनेडी मिसिसिपीच्या डेल्टा भागात झोपड्यांतून फिरले. मे १९६८ मध्ये सीबीएस वाहिनीने अमेरिकेतल्या भुकेवर माहितीपट दाखवला आणि मध्यमवर्ग हादरला. पण माझ्या मते त्या काळातलं सगळ्यात कामाचं काम ह्या दोन्हींपेक्षा कमी नाट्यमय होतं. पाच महिला संघटनांनी मिळून एक समिती नेमली, जीन फेअरफॅक्स तिच्या प्रमुख होत्या, आणि बायकांनी गावोगावच्या शाळांत जाऊन शाळेच्या जेवणाची माहिती गोळा केली. १९६८ मध्ये ‘देअर डेली ब्रेड’ नावाचा अहवाल निघाला. ५ कोटी मुलांपैकी जेमतेम १ कोटी ८० लाख मुलं योजनेत होती. फुकट किंवा सवलतीचं जेवण मिळणारी २० लाखांहूनही कमी, म्हणजे चार टक्केसुद्धा नाहीत.

आणि गरजू कोण हे ठरवणार कोण? स्थानिक शाळा. एकेका ठिकाणी एकेक नियम. कुठे मुख्याध्यापकांच्या मनावर, कुठे शिक्षकांच्या. कुठे फुकट जेवणाऱ्यांना वेगळ्या रंगाचं टोकन, कुठे वेगळी रांग, कुठे जेवणाच्या बदल्यात काम. आठ वर्षांच्या पोराने सगळ्या वर्गासमोर वेगळ्या रंगाचं टोकन काढायचं. कित्येक मुलं त्यापेक्षा उपाशी राहणं पत्करायची. माझ्या आजीच्या शब्दांत सांगायचं तर वाढणाऱ्याचा हात बघून घास उतरतो.

आता ओकलंड. हा भाग जरा सावकाश वाचा, कारण ह्याबद्दल इंटरनेटवर अर्धवट गोष्टी फार फिरतात.

जानेवारी १९६९. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात सेंट ऑगस्टिन्स चर्चमध्ये ब्लॅक पँथर पार्टीने शाळकरी मुलांसाठी फुकट नाश्ता सुरू केला. हो, तेच काळे जाकीट, काळी टोपी आणि हातात बंदूकवाले पँथर. चर्चचे फादर अर्ल नील यांनी जागा दिली. चर्चमध्येच येणाऱ्या रूथ बेकफर्ड यांनी घडी बसवून दिली. पदार्थ कुठले, किती, भांडी कुठली, जागा कशी मांडायची, सगळं. पहिल्या दिवशी ११ मुलं आली असं सांगतात, आठवड्याच्या शेवटी १३५. सामान आजूबाजूच्या दुकानदारांकडून, कधी दानाने, कधी ‘देताय ना?’ अशा थाटात. वर्षभरात शिकागोसकट कित्येक शहरांत हे पसरलं. नाव, गाव, बापाची कमाई, काहीही न विचारता अंडी, टोस्ट आणि दूध. बरोबर थोडा पक्षाचा प्रचारही, तो लपवायचं कारण नाही.

एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूवर यांनी मे १९६९ मध्ये आपल्या कचेऱ्यांना कळवलं की हा नाश्ता ही पँथर्सची सगळ्यात प्रभावी गोष्ट आहे, आणि म्हणूनच त्यांना निष्प्रभ करण्याच्या आपल्या कामाला सगळ्यात मोठा धोका आहे. बंदुकांपेक्षा अंड्यांची भीती! (हे वाक्य माझं आहे, हूवरचं नाही.) त्यानंतर ह्या कार्यक्रमांवर पाळत, पालकांमध्ये अफवा, धाडी, हे सगळं झालं.

इंटरनेटवर फिरणारी गोष्ट अशी की पँथर्सनी नाश्ता सुरू केला आणि सरकारने त्यांची कल्पना चोरली. तारखा बघा. सरकारी पायलट १९६६ चा, पँथर्स १९६९ चे. कल्पना चोरली म्हणणं चूक आहे. पण पँथर्सचा काही संबंध नाही असं म्हणणंही तितकंच चूक. सरकारकडे कायदा होता, खातं होतं, आणि गोदामभर अन्न होतं. तरी ते जे करत नव्हतं ते एका चर्चच्या हॉलमध्ये स्वयंसेवक करून दाखवत होते, तेही फॉर्म न भरता. शरम नावाची गोष्ट राजकारणात क्वचित कामाला येते, ती इथे थोडी आली असावी. दुसऱ्या बाजूला केनेडी, सीबीएस, तो बायकांचा अहवाल, आणि डिसेंबर १९६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी व्हाईट हाऊसतर्फे बोलावलेली अन्न आणि पोषण परिषद. ह्यातल्या कोणाला किती टक्के श्रेय, हे मोजायचं सॉफ्टवेअर अजून निघालं नाहीये.

जे झालं ते असं. मे १९७० च्या कायद्याने फुकट आणि सवलतीच्या जेवणासाठी सगळ्या देशात एकसारखी पात्रता आणली. सवलतीच्या जेवणाला २० सेंटपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. आणि कुठलं मूल फुकट जेवतंय हे चारचौघांत कळेल अशी कुठलीही पद्धत वापरायची नाही. टोकनं गेली. निदान कायद्याने तरी.

मग १९७१ ते १९७३ मध्ये जे झालं त्याबद्दल कोणी चित्रपट काढणार नाही, पण ह्या सगळ्या इतिहासातला तोच खरा सांधा आहे. आधी पैसा ‘ह्या वर्षी इतके डॉलर’ असा ठरून यायचा. पैसे संपले की संपले. त्यामुळे शाळेच्या दृष्टीने दर नवीन गरजू मूल म्हणजे बजेटवरचा बोजा. मुलं शोधायची कशाला? ह्या तीन वर्षांतल्या कायद्यांनी ते उलटं केलं. दर जेवणामागे ठराविक पैसे, गरजू मुलाच्या जेवणामागे जास्त, आणि ते हमखास. जितकी ताटं वाढाल तितके पैसे मिळतील. दर महागाईशी जोडलेले. आता नवीन मूल म्हणजे शाळेचं उत्पन्न. त्याच स्वयंपाकघरात, त्याच मावश्यांच्या हातून, तेच अन्न. फक्त हिशेबाचं चिन्ह वजाचं अधिक झालं.

नाश्त्याचे आकडे बघा. १९७० मध्ये साडेचार लाख मुलं. १९७५ मध्ये १८ लाख, आणि त्याच वर्षी नाश्ता कायमचा झाला. १९८० मध्ये ३६ लाख.

आता उन्हाळा. हे प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, आणि ह्यात शाळांपेक्षा शहाणपणाही आहे आणि मूर्खपणाही.

ऑनसाईटवर असताना एका जूनमध्ये मी एका पब्लिक लायब्ररीच्या दारावर पाटी बघितली होती. अठरा वर्षांपर्यंतच्या कुठल्याही मुलाला दुपारचं जेवण फुकट. नाव द्यायचं नाही, फॉर्म नाही, ओळखपत्र नाही. मला आधी हे कुठल्यातरी धर्मादाय संस्थेचं वाटलं. ते सरकारी होतं, १९६८ च्या कायद्यातून आलेलं.

१९६८ मध्ये हाही तीन वर्षांचा पायलटच होता. शाळा बंद असताना गरीब वस्त्यांत बागा, क्रीडांगणं, चर्च, शिबिरं ह्यांच्यामार्फत जेवण द्यायचं. शहाणपणा असा की पात्रता मुलाची बघायची नाही, वस्तीची बघायची. वस्ती गरीब असेल तर येईल त्या प्रत्येक मुलाला वाढायचं. फॉर्मची कटकटच नाही. १९७५ मध्ये ही योजना पाळणाघरांच्या योजनेपासून वेगळी होऊन स्वतःच्या पायावर उभी राहिली, आणि तेव्हा एक तृतीयांश मुलं गरजू असलेली वस्ती पात्र धरली जायची. १९७७ च्या जुलैत जवळजवळ २८ लाख मुलं जेवत होती. १९६९ मध्ये ती एक लाख होती.

आणि इथेच माशी शिंकली. पैसे ताटामागे मिळतात म्हटल्यावर ताटं फुगणार, हे कुठल्याही इन्सेंटिव्ह स्कीमचं प्राक्तन. शाळेत निदान पटावरची मुलं मोजता येतात. बागेत येणारी मुलं कोण मोजणार? न्यूयॉर्क शहरात १९७६-७७ मध्ये डबे पुरवणाऱ्या खाजगी कंपन्या आणि रातोरात उगवलेल्या संस्था ह्यांनी मिळून धुमाकूळ घातला. सरकारी लेखापाल कार्यालयाच्या अहवालांत खराब झालेलं अन्न, कचऱ्यात फेकलेली जेवणं, मोठ्यांनी खाल्लेली जेवणं, आणि बिलं मात्र पूर्ण, असं सगळं आहे. १९७७ मध्ये नियम कडक झाले. ते व्हायलाच हवे होते.

पण घोटाळ्याचा एक दुसरा परिणाम असतो. तो संपल्यावरही लोकांच्या डोक्यात राहतो, आणि पुढे कोणाला कात्री लावायची असेल तेव्हा कामाला येतो. १९८१ मध्ये रेगन सरकारच्या बजेट कायद्याने दोन गोष्टी केल्या. बहुतेक खाजगी सेवाभावी संस्थांना उन्हाळी योजनेतून काढलं. आणि पात्र वस्तीची रेषा एक तृतीयांशावरून निम्म्यावर नेली. एका ओळीचा बदल! ४५ टक्के मुलं गरजू असलेली वस्ती एका सहीने बाहेर. १९८२ च्या जुलैत मुलं उरली साधारण १४ लाख, म्हणजे पाच वर्षांपूर्वीच्या निम्मी.

१९८१ मध्येच गाजला तो केचपचा किस्सा. जेवणाचा खर्च कमी करायला कृषी खात्याने असे नियम मांडले की त्यात लोणच्यासारखी तोंडीलावणीही भाजीत धरता येतील. लोकांनी त्याचं ‘केचप म्हणजे भाजी’ करून टाकलं, इतकी टिंगल झाली की नियम मागे घ्यावे लागले. गंमत बघा, केचपवर देश हसला आणि सरकार मागे हटलं. वस्तीची रेषा एक तृतीयांशावरून निम्म्यावर गेली त्यावर कोणी विनोद केला नाही, आणि ती रेषा पुढे चाळीस वर्षं तिथेच राहिली. सेवाभावी संस्थांना दार उघडायला १९८९ उजाडलं.

उन्हाळ्याचा मूर्खपणा म्हणावा असा नियम वेगळाच. जेवण तिथेच बसून खायचं. घरी न्यायचं नाही. त्या लायब्ररीच्या पाटीवरही ते होतंच. नियमामागचा हेतू मला समजतो, अन्न मुलाच्याच पोटात जावं. आणि न्यूयॉर्कचं भूत मानगुटीवर असताना तो सैल करायची हिंमत कोण करणार? पण शहरात जे चालतं ते खेड्यात कसं चालेल? शाळेची पिवळी बस सुट्टीत येत नाही. आई कामावर, बाप कामावर, केंद्र दहा मैलांवर. दहा वर्षांच्या पोराने एका सँडविचसाठी हायवेवरून सायकल मारायची? शिवाय विखुरलेल्या खेड्यात वस्ती ‘निम्मी गरीब’ भरतच नाही. पर्किन्सना बसमधलं अंतर दिसलं होतं. उन्हाळ्यात ते कोणाला दिसलं नाही. सातातला एक हा आकडा इथून येतो.

(आपल्याकडे हा प्रश्न आधी कोर्टात सुटला, हे मला वाचताना नवीन होतं. शिजवलेलं माध्यान्ह भोजन द्या हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००१ चा. एप्रिल २००४ मध्ये त्याच खटल्यात कोर्टाने सांगितलं की दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही जेवण द्या. २०१६ च्या दुष्काळात पुन्हा तसाच आदेश झाला, आणि त्यात महाराष्ट्रही होता. सुट्टीत पोरं शाळेपर्यंत येतात का, हा मात्र तिथलाच प्रश्न इथेही.)

शाळेच्या दिवसांकडे परत येऊ. तिथे वस्ती बघत नाहीत, घरची मिळकत बघतात. दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर फुकट, १८५ टक्क्यांपर्यंत सवलत. म्हणजे फॉर्म. दर वर्षी, दर घरी. ज्याला इंग्रजी येत नाही त्याने भरायचा, ज्याचा पगार रोज बदलतो त्याने भरायचा, ज्याला सरकारी कागदाची भीती वाटते त्यानेही भरायचा. आपल्यासारखे लोक अशा वेळी पहिला प्रश्न विचारतात की ही माहिती सरकारकडे आधीच दुसऱ्या टेबलात नाही का? होती. फूड स्टँप घेणाऱ्या कुटुंबांची मिळकत आधीच तपासलेली असते. मग दोन याद्या जुळवा आणि त्या मुलांचा फॉर्म रद्द करा. इतकी साधी गोष्ट सगळ्यांवर बंधनकारक करायला २००४ चा कायदा लागला.

२०१० च्या कायद्याने पुढची पायरी गाठली. शाळेतली किमान ४० टक्के मुलं अशा याद्यांतून आपोआप पात्र ठरत असतील, तर शाळेने सगळ्यांनाच नाश्ता आणि जेवण फुकट द्यावं. एकही फॉर्म नाही. सरकार आपोआप सापडलेल्या मुलांच्या संख्येला १.६ ने गुणून पैसे देतं, कारण याद्यांत न सापडणारी गरजू मुलंही असतातच. उदाहरणार्थ शाळेत हजार मुलं, त्यातली ५०० याद्यांत. ५०० गुणिले १.६ म्हणजे ८००. तर ८० टक्के ताटांना पूर्ण दर आणि उरलेल्या २० टक्क्यांना अगदी किरकोळ. २०२४-२५ मध्ये नाश्त्याचा पूर्ण दर होता २ डॉलर ३७ सेंट, किरकोळ दर ३९ सेंट. मधला खड्डा शाळेने भरायचा. साडेबासष्ट टक्के गाठले की शंभर टक्के ताटं पूर्ण दराने, खड्डा शून्य. २०२३ मध्ये पात्रतेची रेषा ४० वरून २५ टक्क्यांवर आणली, तेव्हा बातम्यांत मोठा जल्लोष झाला. पण १.६ तसाच ठेवला. २५ गुणिले १.६ म्हणजे ४० टक्के ताटंच पूर्ण दराने. दार उघडलं, पण पायऱ्या शाळेने स्वतः बांधायच्या.

नाश्त्याचा अजून एक शत्रू म्हणजे घड्याळ. शाळा आठला, नाश्ता साडेसातला, बस येते सात पंचावन्नला. शिवाय लवकर येऊन खाणारी म्हणजे गरीब, हे टोकन न काढताच सगळ्यांना कळतं. ह्यावरचा उपाय हास्यास्पद सोपा आहे. घंटा झाल्यावर वर्गातच नाश्ता द्या. सांडलवंड होते, शिक्षक वैतागतात, सफाईवाले त्याहून वैतागतात. पण जिथे केलं तिथे नाश्ता खाणारी मुलं भसाभस वाढली.

मग आला मार्च २०२०. शाळा बंद. काँग्रेसने कृषी खात्याला नियम सैल करायची मुभा दिली आणि चाळीस-पन्नास वर्षं ‘अशक्य’ असलेल्या गोष्टी काही आठवड्यांत झाल्या. जेवणाची पाकिटं घरी न्या. पालकांनी नेली तरी चालेल. शाळेच्या बसनेच दारात जेवण पोचवा. बुडलेल्या जेवणांचे पैसे कार्डावर जमा. सगळ्या मुलांना फुकट. हे जून २०२२ पर्यंत चाललं, आणि मग संपलं.

सगळंच संपलं नाही मात्र. डिसेंबर २०२२ च्या खर्चाच्या कायद्यात दोन गोष्टी कायम झाल्या. खेड्यांत जेवण घरी न्यायची परवानगी, २०२३ पासून. आणि २०२४ पासून दर पात्र मुलामागे उन्हाळ्यात १२० डॉलर कार्डावर. ही कार्डाची कल्पना २०११ पासून लहान प्रमाणात तपासली जात होती, आणि महिना ६० डॉलर दिल्यावर मुलांमधली सगळ्यात वाईट पातळीची उपासमार एक तृतीयांशाने कमी होते असं त्यात दिसलं होतं. कायद्यात आले ते महिना ४०. असो.

अन्नाचे पैसे पूर्ण केंद्राचे. राज्याने फक्त कारभाराचा अर्धा खर्च उचलायचा. तरी २०२४ मध्ये १३ राज्यं बाहेर राहिली. नेब्रास्काच्या गव्हर्नरनी डिसेंबर २०२३ मध्ये नाही म्हटलं आणि दबाव वाढल्यावर फेब्रुवारीत हो म्हटलं. पर्किन्सचं केंटकी आत. रसेल यांचं जॉर्जिया त्या उन्हाळ्यात बाहेर.

जुलै २०२५ मध्ये फूड स्टँपला मोठी कात्री लावणारा कायदा झाला. त्यात शाळेच्या नाश्त्याचे दर कमी केलेले नाहीत. पण वरचं गणित आठवा. शाळेची टक्केवारी ह्या याद्यांतून येते. फूड स्टँपच्या यादीतून कुटुंबं गळली की शाळेतली आपोआप पात्र मुलं गळतात, आणि गळलेल्या प्रत्येकावर १.६ चा गुणाकार बसतो. ज्यांनी डिपेंडन्सी म्हणजे काय हे प्रॉडक्शनमध्ये शिकलंय, त्यांना जास्त सांगत नाही.

काही राज्यांनी हे सगळं बाजूला ठेवून स्वतःच्या तिजोरीतून प्रत्येक मुलाला नाश्ता आणि जेवण फुकट केलं. कॅलिफोर्निया आणि मेन २०२२-२३ पासून, मिनेसोटा २०२३ मध्ये, मग आणखी काही. म्हणजे ओकलंडच्या शाळांत आता कोणाला घरच्या मिळकतीमुळे नाश्ता नाकारला जात नाही. तरीही कॅलिफोर्नियातल्या कित्येक शाळा पालकांकडून मिळकतीचा फॉर्म भरून घेतातच. शाळांना मिळणारा राज्याचा दुसरा निधी गरजू मुलांच्या संख्येवर ठरतो, आणि ती संख्या काढायची पद्धत वर्षानुवर्षं जेवणाच्या फॉर्मला बांधलेली आहे. जेवण सुटलं, पण त्या फॉर्ममधली माहिती वाचणाऱ्या दुसऱ्या सिस्टिम अजून चालू आहेत.